जवळ राहणारी बाई

पंचफुलानं पिशवी खाटेवर उपडी केली तेव्हा सगळ्यात आधी चटई निघाली. मग थर्मास, स्टीलचा पेला, डबा, ओले कपडे वाळत घालायची सुतळी, सेफ्टी पिनांची डबी, ओव्याची पुडी, दोन लिंबं, टॉर्च आणि खाटेखाली अंथरायची जाड चादर. तळाशी अजून काहीतरी असेल म्हणून तिनं पिशवी झटकली. ओव्याचे चार दाणे पडले.

अस्मिता सिस्टर हातात छापील यादी घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. समोरून उघडणारे दोन गाऊन आणलेत का, तिनं विचारलं. नव्हते. मऊ टॉवेल? एक होता, हात पुसायचा. ऑपरेशननंतर काखेखाली ठेवायला लहान उशी? तीही नव्हती. रिपोर्टांची फाइल तेवढी होती, तारखेनुसार लावलेली. सिस्टरनं चटईकडे पाहिलं, टॉर्चकडे पाहिलं.

"मावशी, ही तयारी कोणाची? पेशंटची, का पेशंटजवळ राहणाऱ्या बाईची?"

पंचफुला चटईची गुंडाळी सारखी करू लागली. काल अंगणवाडीतून आल्यावर तिनं पिशवी भरली होती, पण विचार करून भरली नव्हती. दवाखाना म्हटलं की तिचे हात आपसूक चटईकडे जात. अठ्ठावीस वर्षांत ते दुसऱ्या कशाकडे गेलेच नव्हते.

पहिल्यांदा ती सासूजवळ राहिली होती. सासूचं गर्भाशय काढलं तेव्हा पंचफुला चोवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. मग नवऱ्याजवळ एकोणीस दिवस. तो घरी परत आला नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात तिला अडवणारं काही नाही असं सगळ्यांनी धरून चाललं. जाऊबाईंचं पित्ताशय, दिराचा हर्निया, पुतणीची दोन बाळंतपणं, गल्लीतल्या कोणाची मोडलेली मांडी. वडनेरात कोणालाही भरती केलं की कोणीतरी म्हणायचंच, "पंचफुलाले सांगा, थे राह्यते." एकदा तिनं बोटांवर मोजलं होतं, चौदा जणं झाली होती. टाके असलेल्या माणसाला कूस बदलायला लावताना आधी गुडघे वाकवायचे आणि मग खांद्याला हात द्यायचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लघवीच्या पिशवीवरचा आकडा ती अशी बिनचूक सांगे की सिस्टर पुन्हा जाऊन बघत नसत. शिक्षण सातवी.

"बाकीचं होईल," अस्मिता सिस्टर म्हणाली. "तुमच्याजवळ कोण राहणार आहे?"

"माही जाऊ येते. तीनच्या गाडीनं."

सिस्टरनं घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. हा बायकांचा सर्जरी वॉर्ड, संध्याकाळी सहानंतर इथं पुरुषमाणूस थांबत नाही. या ऑपरेशननंतर तीन-चार दिवस डावा हात वर उचलता येत नाही, जखमेतून काढलेल्या नळीची बाटली रिकामी करून मोजावी लागते, उठवून बसवावं लागतं. म्हणून जवळ बाईमाणूस नसेल तर नाव उद्याच्या यादीत जात नाही. यादी सहाला वर पाठवतात. हे सगळं सिस्टरनं सांगितलं आणि पंचफुलानं मान हलवली. तिला ते पाठ होतं. आपल्याबद्दल कोणी ते सांगत आहे, एवढंच नवीन होतं.

गाठ डाव्या स्तनात होती आणि काखेतही पोचली होती. ऑगस्टपासून दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध असं चार वेळा झालं होतं. चारही वेळा ती वडनेरहून एकटीच बसनं आली आणि एकटीच परत गेली, परतताना खिडकीशी पिशवी धरून. केस गेले, डोकं तिनं पदराखाली झाकलं. औषधानं गाठ आकसली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं की ही आकसलेली आहे तोवरच काढायची, वेळ गेली तर पुन्हा वाढायला लागेल आणि मग औषधाला दाद देईलच असं नाही. हुकलेल्या माणसाची पुढची तारीख तीन-चार आठवड्यांनी लागते. पंचफुलानं तो कागद घरी नेऊन पिठाच्या डब्यावर चिकटवला होता.

अडीचला फोन वाजला. जाऊबाई, रुख्माबाई होत्या. मागून बायकांच्या बोलण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. होणाऱ्या सुनेचा मामा फौजेत, त्याला सुट्टी रविवारपर्यंतच, म्हणून त्यांच्या अमरचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अचानक रविवारीच धरलं होतं. आज गुरुवार. घरी पाहुणे उतरले होते, गुडघे दुखत होते, आणि नवरदेवाच्या आईनं घर सोडून जायचं तरी कसं. हे सगळं रुख्माबाईंनी एका दमात सांगितलं. पंचफुला ऐकत राहिली. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

"आन मी येऊन करू काय व?" शेवटी जाऊबाई म्हणाल्या. "मले काय येते दवाखान्यातलं? तुले त सगळं येते. एवढं साक्षगंध होऊ दे, पुढची तारीख घे, मंग मीच येते तुह्यासंग."

"पुढची तारीख तवा उपयोगाची नाई, बाई."

"आता पंधरा-वीस दिवसानं काय होते?"

पंचफुलानं चित्राचा कागद आठवून पाहिला. ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. मग दीर प्रभाकररावांनी फोन घेतला. ते घसा खाकरून म्हणाले की मीच निघतो, रात्रभर दाराबाहेर बसून राहीन, काही लागलं तर हाक मार.

"भाऊजी, बाईमाणूस पाह्यजे म्हन्तेत."

पलीकडे ते पुन्हा घसा खाकरले. दिराला वाईट वाटलं होतं, हे तिला त्या खाकरण्यातून कळलं. पण वाईट वाटण्याला वॉर्डात जागा नव्हती.

शेजारच्या खाटेवर सोनम नावाची बावीस वर्षांची मुलगी होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, त्यातून पित्ताशयात खडे झाले होते, ते परवा काढलेले. तिच्याजवळ तिची सासू धुरपता, कारंजा तालुक्यातल्या जंगलाकाठच्या गावची, साठीची, हातभर गोंदण असलेली बाई. सोनमचा नवरा लखन फाटकाबाहेर झाडाखाली बसलेला असे. सासू-सून आपसात गोंडीत बोलत आणि सिस्टर आली की गप्प होत. धुरपता सुनेला पाणी पाजत होती ते आडवं झोपवूनच, आणि सोनमला ठसका लागून टाके ओढले जात होते. पंचफुला उठली. तिनं सोनमचे गुडघे वाकवले, पाठीमागे आपली चादर गुंडाळून लावली, पेला तिच्या हातात दिला.

"हे कोन शिकवलं तुले?" धुरपतानं विचारलं.

"सवय."

"पेशंट आहेस का सिस्टर?"

"पेशंट."

"पेशंट असा फिरते का? झोप ना मंग खाटेवर. तुह्याकडं पाहून माह्या सुनेले लाज येते."

सोनम पोट धरून हसली आणि टाके ओढले म्हणून लगेच रडवेली झाली. पंचफुला खाटेवर जाऊन बसली, काठावर, पाय खाली सोडून. आडवं होणं तिला जमेना.

तिनं पद्माला फोन लावला. पद्मा अंगणवाडीची सेविका, पंचफुला तिथली मदतनीस, दोघींची अकरा वर्षांची सोबत. पद्मा रडलीच. शनिवारी तपासणी होती, साहेब येणार होते, पंचफुला नाही म्हणजे खिचडीही तिनंच शिजवायची. मी आली असती गं, ती पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि पंचफुलालाच तिची समजूत घालावी लागली.

आता रीना राहिली. रुख्माबाईंची मुलगी, केळझरला दिलेली, इथून तासाभराच्या आत पोचू शकेल अशी एकटीच. पंचफुलानं फोन लावला आणि सरळ सांगितलं, "रीना, तू ये. तीन दिवस."

"काकू, बाळाले ताप आहे व. आन मले दवाखान्याचा वास सहन होत नाई, तुले त मालूम आहे. रक्त पाह्यलं का मी पडते. मलेच पाहा लागन तुले."

हे खरं होतं. रीनाला रक्त बघवत नव्हतं, कारण बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. घरात जे काही रक्त, पू, उलटी असे, ते सगळं पंचफुलाच्या हातून गेलं होतं. तिनं एकेकाला कामातून सोडवलं होतं आणि आता कोणालाच ते काम येत नव्हतं. हा विचार तिला फोन कानाला असतानाच आला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"तुह्या दुसऱ्या बाळंतपनात," ती म्हणाली, "तुह्या बाळाले खांद्यावर घेतलं का मले छातीत टोचे. तवाच गाठ लागली होती हाताले."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू टाक्यावर होती. मी खाटेवर झोपली असती त तुह्याजवळ कोन राह्यलं असतं?"

पलीकडे रीना बाळाला थोपटू लागली. त्याचं किरकिरणं थांबेना. पंचफुलानं हिशेब केला नव्हता असं नाही. जानेवारीत गाठ हाताला लागली, ऑगस्टमध्ये दाखवली, मध्ये बाळंतिणीचा सव्वा महिना, मग सुट्ट्या, मग पेरणीत दिराकडचा स्वयंपाक. पण हे कधी कोणापुढे टाकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आज टाकलं. दुसऱ्याच्या अंगावर गरम पाणी सांडावं तसं तिला झालं.

"सासूबाईले विचारून फोन करते," रीना म्हणाली.

चार वाजले. साडेचार वाजले. भूल देणारे डॉक्टर येऊन गेले. जबडा उघडायला लावला, हलणारे दात पाहिले, रात्री दहानंतर पाणीही नाही म्हणाले. चांगलं आहे सगळं, ते जाताना म्हणाले. पंचफुलाला त्या "चांगलं" शब्दाचा आधार वाटला आणि भीतीही वाटली, कारण शरीर तयार होतं, औषध संपलं होतं, उद्याची वेळ ठरली होती, आणि सगळं अडलं होतं ते एका बाईवाचून. ती खिडकीशी गेली. खाली फाटकातून बायका येत होत्या, डबे घेऊन, लेकरं घेऊन. त्यातली प्रत्येक बाई वळून दुसऱ्या इमारतीकडे जाईपर्यंत तिनं पाहिली. मग तिला हे करवेना. फोन हातात होता. तो गरम झाला होता, तिनंच सारखा दाबून पाहिल्यामुळे.

सव्वापाचला रीनाचा नाही, तिच्या नवऱ्याचा निरोप आला. बाळाचा ताप वाढला आहे, जमणार नाही, काळजी घ्या.

पंचफुला बाथरूममध्ये गेली. नळ सोडला. ती रडली नाही. तोंडात पदर धरून, भिंतीला कपाळ टेकून ती नुसती उभी राहिली. नवऱ्याच्या वेळीही ती अशी उभी राहिली नव्हती. तेव्हा काही ना काही करायचं असे: पाणी आणायचं, गोळी द्यायची, डॉक्टरला बोलवायचं. आता तिच्या हातून करण्यासारखं एकच उरलं होतं, मागणं. आणि ते तिला येत नव्हतं.

बाहेर आली तेव्हा धुरपता सोनमच्या डोक्याला तेल लावत होती. पंचफुला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, माह्याजवळ राहान का?"

धुरपतानं वर पाहिलं. बोटं केसांतच थांबली.

"कोनी येऊन नाई राह्यलं?"

"नाई."

"एवढ्या मोठ्या घरची बाई तू."

"घर मोठं आहे."

धुरपता पुन्हा तेल चोळू लागली. पंचफुला उभीच होती. वॉर्डातल्या दोन-तीन बायका बघत होत्या. तिला वाटलं, आता वळावं, फाइल घ्यावी, साडेसहाची हिंगणघाटची गाडी मिळेल, तिथून वडनेर.

"माही सून पहिली," धुरपता म्हणाली. "तिनं हाक मारली का मी तिकडं जाईन. तू आडवी असशीन, तुले दुखत असन, तरी जाईन. मंग म्हनू नोको."

"नाई म्हनत."

"आन मले लिहिता-वाचता येत नाई."

"बाटलीवरचा आकडा मी वाचीन. तुमी फक्त माह्या डोळ्यापुढं धरा."

पावणेसहाला अस्मिता सिस्टर यादी घेऊन आली. एकच बाई दोन पेशंटजवळ चालत नाही, तिनं सांगितलं. तसा नियम आहे. सोनम गादीवरून म्हणाली की मला आता उठता येतं. ते पूर्ण खरं नव्हतं. सिस्टरनं पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. फॉर्मवर जवळ राहणाऱ्या व्यक्तीचं नाव होतं आणि पुढे नात्याचा रकाना.

"नातं काय लिहू?"

पंचफुलाला खोटं सांगायला काही सुचेना, आणि खरं सांगण्यासारखं नातं नव्हतं. धुरपता म्हणाली, "ते रिकामं राहू दे. मी अंगठा देते."

सिस्टरनं रकाना रिकामा ठेवला आणि शाईचा पॅड पुढे केला.

दिवे लागायच्या आधी पंचफुलानं धुरपताला सगळं समजावून सांगितलं. नळीची बाटली कशी दाबायची, खाली कशी टांगायची, कोणत्या वेळी कोणाला हाक मारायची. मग एक गोष्ट उरली होती. ऑपरेशन झालं की काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात, तो तपासणीच्या खोलीत नेऊन पोचवायचा असतो, पावती आणायची असते. हे सांगताना पंचफुला फरशीकडे पाहत होती. तिनं स्वतः तीनदा अशी बरणी नेली होती. वजन हाताला अजून माहीत होतं.

"एक जिना उतरायचा. मंग उजवीकडं. मंग लांब बोळ, त्याच्या शेवटी डावीकडं निळं दार. झाकन उघडू नोका, आतल्या पाण्यानं डोळे झोंबतेत."

धुरपतानं पदराचं टोक हातात घेतलं. जिन्याची एक गाठ मारली, उजवीकडची एक, बोळाची जरा मोठी. निळ्या दाराची मारून झाल्यावर तिनं चारही गाठी अंगठ्यानं चाचपून पाहिल्या.

"जड असते का बरनी?"

"माह्या सासूची हलकी होती," पंचफुला म्हणाली. "हे भारी राहीन."

मग धुरपतानं गाठोड्यातून सोनमचा एक कोरा गाऊन काढला, फिकट पिवळा, समोर बटणं असलेला, आणि पंचफुलाच्या मांडीवर टाकला. पंचफुला नको म्हणाली. धुरपता म्हणाली, "मांगताना लाजली नाई, आता घेताना काऊन लाजून राह्यली?"

सकाळी साडेआठला स्ट्रेचर आलं. दवाखान्याचा हिरवा झगा घातलेली पंचफुला त्यावर चढली. डोक्याला कापडी टोपी होती, आणि आज पहिल्यांदाच डोकं झाकायला पदर लागला नव्हता. वॉर्डबॉयनं ब्रेक काढला. धुरपता चपला सरकवून उठली, स्ट्रेचरच्या दांडीला हात लावला, आणि त्याच वेळी मागे सोनमला उमळून आलं. तिनं गोंडीत काहीतरी म्हटलं. एकच शब्द होता.

धुरपताचा हात दांडीवर राहिला. पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं.

"जा तुमी," ती म्हणाली. "तिले बसती करा आधी, पाठीमागं चादर लावा."

स्ट्रेचर वॉर्डाच्या दारातून बाहेर पडलं. लिफ्टच्या दारात चाक थोडं अडलं. वरचे दिवे एकामागून एक सरकत गेले. हा रस्ता तिला तोंडपाठ होता, पण उभ्यानं. आडवं पडून तो ओळखीचा वाटत नव्हता. कोणत्या वळणावर आपण आहोत हे तिनं छतावरून ओळखायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी लांब बाक होता. त्यावर नातेवाईक बसले होते, एकमेकांना खेटून, मांडीवर पिशव्या. कोणी बिस्किटाचा पुडा फोडत होतं, कोणी पोथी वाचत होतं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर भिंतीला लावलं आणि कागद आत दिला. थोड्या वेळानं हिरव्या कपड्यांतला एक तरुण दार अर्धं उघडून बाहेर आला. त्याची नजर हातातल्या फाइलवर होती.

"पंचफुला वैरागडे. नातेवाईक कोण आहे?"

बाकावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. त्यानं पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्यानं.

पंचफुलानं चादरीतून उजवा हात बाहेर काढला आणि वर केला.

"मी आहो," ती म्हणाली. "सांगा, काय आनू?"

त्या तरुणानं मान वर केली आणि आवाज कोणाचा म्हणून बाकावरचे चेहरे एका टोकापासून बघायला लागला.